अष्टमी गाठा आणि रेवदंड्याच्या बंदरावर चला



भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, वाल पेरून तेही दोन-चार पानांवर आले. मार्गशीर्ष-पौषात आपल्या रोहे तालुक्यात असे आठ-दहा दिवस येतात, की शेतकऱ्याला कमरेवर हात ठेवून उभे राहता येते. या दिवसांत आपण काय करतो? लग्नाच्या बैठकी करतो, तहसील कचेरीतली अडलेली कामे काढतो, फार तर मुंबईला लेकाकडे जाऊन येतो. मी आज यात एक काम वाढवणार आहे. एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांना, म्हणजे आजी आणि सुनेलाही, बरोबर घ्या आणि रेवदंड्याच्या बंदरावर जा.

तुम्ही म्हणाल, विस्तार अधिकाऱ्याने खते-बियाणे सांगावे, सूर्यास्त कसला सांगतो? पण गेल्या तीस वर्षांत मी गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न सहज विचारत आलो आहे : बाईमाणसांपैकी बंदर कोणी पाहिले आहे? पंढरपूर पाहिलेल्या पुष्कळ असतात, शिर्डी पाहिलेल्या तर सगळ्याच. रेवदंडा रोह्याहून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. चणेऱ्यावरून साळावला गेलात की पूल ओलांडला, पोहोचलात. तरी हात वर होतात ते दोन किंवा तीन.

आणि हे पाणी काही परके नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला भिरा येथे १९२७ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून खाली येते, चक्रे फिरवते आणि कुंडलिकेत पडते. या धरणात जमिनी गेल्या म्हणून १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. ते पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी तुमच्या उन्हाळी भाताला मिळते. उरलेले कोलाडवरून, रोह्यावरून खाली जाते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. कोलाडला सकाळी वीजघराचे पाणी सुटले की शहरातली पोरे डोक्याला टोप घालून रबरी होड्यांतून वल्ही मारत जातात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात. नदी आपली, पाणी आपल्या शेतातले, आणि तिचे तोंड मात्र आपण पाहिलेले नाही!

आता बंदर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर चौपाटी समजून जाल. भेळेच्या गाड्या आणि घोडागाडी ज्यांना हवी त्यांनी अलिबागला जावे. रेवदंड्याची खाडी ही काम करणारी खाडी आहे. मासेमारीच्या होड्या आहेत, बर्फ आहे, डिझेलचा वास आहे, माशांचा तर आहेच. पलीकडे साळावला लोखंडाचा कारखाना आणि त्याचा धक्का. मालाने भरलेले बार्ज खाडीतून वर आपल्या तालुक्यात सानेगावच्या धक्क्यापर्यंत जातात. पश्चिमेला कोर्लईचा डोंगर पाण्यात नाक खुपसून बसलेला, त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. मावळतीची उन्हे त्या डोंगरावरून खाडीत उतरतात तेव्हा चिखलसुद्धा तांब्याचा दिसतो. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे तो कोर्लईच्या बाजूला बुडतो. समुद्रातच बुडताना पाहायचा असेल तर रेवदंड्याच्या जुन्या तटाबाहेर किनाऱ्यावर जावे. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, मे महिन्यात सात वाजून जातात.

हे बंदर लहान दिसते, पण याच्या शेजारचे चौल एकेकाळी जगाला माहीत होते. १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी येथे उतरला, तो विकायला एक घोडा बरोबर घेऊन. रेवदंड्याच्या शाळेत त्याचे स्मारक आहे. त्याच्या नंतर पोर्तुगीज आले. १७४० मध्ये त्यांना येथून जावे लागले, तरी कोर्लईतले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात. गेलात तर कान देऊन ऐका. मुलांना इतिहासाचा एक धडा तिथेच वाचल्यासारखा होईल.

इतके सांगून आता मुद्द्यावर येतो. कोणत्या दिवशी जावे?

बहुतेक लोक रविवार पाहून जातात. समुद्राला रविवार कळत नाही, त्याला तिथी कळते. आणि तिथी तर तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज छापलेली असते. कोळ्यांचा हिशेब असा : तिथीची पाऊणकी करा, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीची पाऊणकी तीन, म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. अष्टमीची सहा. दशमीची साडेसात. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा, म्हणून दुपारचे तीन तसेच पहाटेचेही तीन. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावस्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजतात. खाडीत जितके वर जाल तितका आणखी उशीर. ज्यांच्या शाळेत पावकी-पाऊणकी घोकून घेत त्या आजोबांना हे तोंडी जमेल, नातवाला मोबाईलवर भरतीचे कोष्टक काढू द्या. दोघांची पैज लावा. माझ्या अनुभवात आजोबा फार मागे राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढही थोडा, उतारही थोडा, तो भांग. उधाणाला ओहोटी आणि भरती यांत दीड-दोन पुरुष पाण्याचा फरक पडतो. एवढे पाणी सहा तासांत खाडीच्या अरुंद तोंडातून आत यायचे आणि सहा तासांत बाहेर जायचे! मग त्याला ओढ किती असेल याचा विचार करा. तुमच्या उघाडीच्या तोंडाशी पाणी कसे धावते ते तुम्ही पाहिले आहेच. खाडीचे तोंड ही अशीच एक मोठी उघाडी आहे.

म्हणून मी अष्टमी म्हणतो. (आपल्या रोह्याच्या पलीकडच्या काठावरचे अष्टमी गाव नव्हे, तिथी!) अष्टमी-नवमीच्या संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास भांगाची भरती पूर्ण होत असते. गाळ झाकलेला, पाणी काठोकाठ आणि जवळजवळ उभे, ओढ कमीत कमी. नेमका त्याच वेळी सूर्य मावळतो. याच्या उलट संकष्टीला उपास सोडण्याआधी फिरून येऊ म्हणून जाल, तर त्या संध्याकाळी सहाला पाणी भर वेगाने बाहेर धावत असते. बाहेरून आलेली मुले किनाऱ्यावर बुडतात त्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. पोहता येत होते, तरी बुडाली, असे त्यात बहुधा असते. बाहेर ओढणाऱ्या पाण्याशी पोहणाऱ्याचे हात किती वेळ झगडणार?

भांगाचा आणखी एक फायदा. आपल्या किनाऱ्यावर डोलीची मासेमारी आहे. डोल म्हणजे मोठी पिशवी, ती पाण्याच्या ओढीच्या तोंडाला बांधून ठेवायची. बोंबील, जवळा, करंदी ओढीबरोबर आपोआप आत जातात. भांगाला ओढ नाही, म्हणून डोल भरत नाही. त्या दोन-चार दिवसांत डोलीच्या होड्या बंदरात असतात, जाळी पसरून शिवणे चालते आणि नाखव्याला तुमच्याशी चार शब्द बोलायला सवड असते. जसे आपल्याला मार्गशीर्षात.

गेल्या थंडीत आम्ही काही शेतकरी कुटुंबे मिळून अशाच एका अष्टमीला गेलो. माझ्या ओळखीचा एक नाखवा आहे. त्याची नि माझी ओळख सुकटीच्या खतापायी झाली, ती पंधरा-वीस वर्षे टिकली. त्याने एक लहान होडी काढली. अंगात तरंगणारे जाकीट घातल्याशिवाय कोणी चढायचे नाही, असे मी आधीच बजावले होते. एकाला ते पोटावर बसेना, त्याला काठावर ठेवले. तो रागावला, पण राहिला.

मी घाटावरचा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पदवी घेतली तोवर समुद्र पाहिला नव्हता, आणि वल्हे हाती धरले की अजूनही होडी गोल फिरते. दोन हात मारले आणि तसेच झाले. आमच्या मंडळी मागे बसल्या होत्या. त्या काही न बोलता पुढे आल्या, पदर खोचला, माझ्या हातातले वल्हे घेतले आणि होडी सरळ निघाली. त्यांचे माहेर खाडीकाठचे. लहानपणी वडिलांबरोबर भाताचे भारे पलीकडे नेताना त्या वल्ही मारत. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, हे मला त्या दिवशी कळले. मी विचारले, "कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कधी?" नाखवा गालात हसत होता. अर्धा तास आम्ही काठाकाठाने, होड्यांच्या मधून फिरलो. वल्ह्यावरून पाणी पडे त्यात उन्हाचा लाल तुकडा असे. पुलाखालून एक बार्ज हळूहळू वर गेला, त्याच्या लाटेने होडी हलली तेव्हा मागच्या बायकांनी देवाचे नाव घेतले. मंडळींनी मात्र होडीचे तोंड लाटेकडे वळवून धरले होते.

आमच्यात खारीतली एक काकू होती. साठीच्या पुढची. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या उधाणाला तिच्या गावच्या बांधाला खांड गेली आणि तिचे सव्वा एकर भात खाऱ्या पाण्याखाली गेले. पुढे तीन पावसाळे त्या जमिनीत धड पीक उभे राहिले नाही. त्या काळात मी तिच्याकडे पुष्कळदा गेलो आहे. पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडायचे, मीठ विरघळू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून काढून टाकायचे, असे पुनःपुन्हा करावे लागते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणारे भाताचे वाण काढले आहेत, पनवेल १, २ आणि ३. त्यातले बी तिला दिले. चौथ्या वर्षी भात आले. पण ज्या पाण्याने हे केले ते तिने बांधाच्या आतूनच पाहिलेले.

काकू होडीत बसली नाही. मुले किनाऱ्यावर पाण्यात खेळत होती, तीत ती उतरली नाही. कोरड्या वाळूवर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग खाली वाकली, ओंजळीत थोडे पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकली. म्हणाली, "हीच चव. माझ्या शेताची हीच चव होती." नाखवा बाजूला उभा होता. त्याने विचारले, "आजे, खांड कंधी गेली व्हती?" काकूने दिवस सांगितला, श्रावणी अमावस्येची रात्र. तो म्हणाला, "मंग रातच्या बाराला गेली असंल." काकू त्याच्याकडे बघतच राहिली. सकाळी उठून पाहिले तेव्हा शेत पाण्यात होते, केव्हा फुटले ते गावात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि या माणसाने तिथी ऐकून वेळ सांगितली.

खारीतल्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी. मोठे उधाण अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास काठाला लागते. दुपारचे पाणी आपल्याला दिसते. रात्रीचे आपण झोपेत असताना येते, आणि दुपारी जिथे नुसता पाझर होता तिथे रात्री खांड जाते. तेव्हा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्या दोन तिथींच्या आधी दोन दिवस बांधावरून फेरी मारा. खेकड्यांची भोके, खचलेली माती, उघाडीच्या झडपेत अडकलेले ओंडके पाहा. भोके आदल्या ओहोटीला बुजवा. आणि बांधाच्या बाहेरची तिवरे तोडू नका. लाट आधी तिवरांवर मोडते, मग बांधावर येते. कायद्यानेही त्यांना हात लावायची बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते.

आता बंदरावर कसे वागावे याविषयी दोन शब्द. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका. तुमच्या उफणलेल्या भातावरून कोणी चपला घालून गेले तर तुम्हाला कसे वाटेल? ताणलेल्या दोरावर बसू नका, होडी हलली की तो दोर माणसाला फेकून देतो. टोपल्या घेऊन बायका धावत असतात, त्यांची वाट सोडा. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, आजीचा हात धरा. फोटो काढायचा तर आधी विचारा, हसून हो म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत घरी न्या, त्या डोलीत अडकतात आणि शिवायला नाखवीण बसते.

पाण्यात खेळायचे ते किनाऱ्यावर, आणि खाडीच्या तोंडापासून लांब. गाळात उतरू नका, पाय रुततो आणि ओढावा तसा दुसराही रुततो. पाणी गुडघ्याच्या वर येऊ देऊ नका. उथळ वाळूत कधी पाकट बसलेले असते, त्याच्या शेपटीला काटा असतो. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूतून घासत चालावे म्हणजे ते आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, वेदना कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जावे. नाखव्याने मुलांना जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले आहे : "पानी खाली जातांना उतराचा नाय, न पान्याला पाठ दावाची नाय." पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलच नको. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. तेव्हा बंदर पाहण्यात काही नाही. नारळी पौर्णिमेनंतर ते जागे होते.

येताना सुके बोंबील घ्या. बांबूच्या वलांड्यांवर कोवळ्या उन्हात वाळलेले, हाताला कडक लागणारे आणि वास स्वच्छ असलेले निवडा. ओलसर, वाकणारे घेऊ नका, पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. भाव करा, पण भाजीच्या मोंढ्यात व्यापारी आपल्याशी करतो तसा करू नका. पूर्वी वालाच्या पायलीला सुकट मिळे, पैशाची गरजच पडत नसे. आमच्या मंडळींना तो हिशेब अजून पाठ आहे.

त्या संध्याकाळी निघताना मी नाखव्याला पोपटीचे आमंत्रण दिले. वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडके लावायचे, तुम्ही सगळ्यांनी यायचे, असे म्हटले. त्याने दिवस विचारला. मी म्हटले, पौर्णिमेला करू, चांदणे असेल. तो मान हलवून म्हणाला, "पुनवेला उधान, साहेब, तवा डोल भरतं. आम्ही नाय येत." मग बोटांवर मोजून त्याने अष्टमीचा दिवस सांगितला. मडक्यात घालायला ताजी कोळंबी तो आणणार होता. आम्ही ती अष्टमी धरली.